चित्रकारांना छापखाना कशाला लागला?

चित्रकारानं चित्रं काढावीत, मासिक काढायच्या फंदात कशाला पडावं? फ्यूचरिझम, दादा, द स्टाइल, सररिअलिझम या चळवळींबद्दल वाचताना हा प्रश्न खरं तर पहिल्यांदा पडायला हवा. आपण ही नावं संग्रहालयाच्या भिंतीशी जोडून ठेवली आहेत. प्रत्यक्षात यातल्या बहुतेकांच्या वाट्याला भिंत फार उशिरा आली. त्याआधी त्यांच्याकडे होता तो छापखाना, उधारीवर मिळालेला कागद आणि पोस्टाची तिकिटं.

आवाँ-गार्द हे एका शैलीचं नाव नाही. चालू कलेत स्वतःसाठी जागा मागण्यापेक्षा ती चालच मोडायची, असं ठरवून गट करून उतरलेल्या कलावंतांना मिळून हे नाव दिलं जातं. काळ साधारण 1905 ते 1939, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधीपासून दुसरं सुरू होईपर्यंतचा. या काळात युरोपातल्या गावागावांत अशी नियतकालिकं निघाली आणि बंद पडली. मराठीत आपण ज्यांना अनियतकालिकं म्हणतो, त्याच जातीची.

तेव्हाच्या चित्रकाराचा रस्ता ठरलेला असे. अकादमीत शिकायचं, वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवायचं, परीक्षक मंडळानं निवडलं तर ते टांगलं जायचं, मग वर्तमानपत्रातला समीक्षक दोन ओळी लिहायचा आणि त्या वाचून गिऱ्हाईक यायचं. या साखळीतली एक कडी तुटली की पुढचं सगळं बंद. साखळीबाहेर पडणाऱ्यांना परीक्षक नको होते, पण भिंत, समीक्षक आणि गिऱ्हाईक हवंच होतं. नियतकालिक काढलं की यातल्या दोन गोष्टी तरी घरच्या घरी होत. चित्राचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, छापला की ते प्रदर्शन, आणि शेजारी मित्रानं लेख लिहिला की ती समीक्षा. गिऱ्हाईक मात्र तरीही क्वचितच यायचं.

आधी मजकूर, मग चित्रं

फ्यूचरिझमची सुरुवात कुठल्या चित्रापासून झाली, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, कारण ती चित्रापासून झालीच नाही. 20 फेब्रुवारी 1909 ला पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकाच्या पहिल्या पानावर फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती नावाच्या इटालियन कवीनं आपला जाहीरनामा छापून आणला. वेग, यंत्र, मोटारगाडी यांचा जयजयकार आणि संग्रहालयं पाडून टाकायची भाषा. त्या दिवशी जगात फ्यूचरिस्ट म्हणावं असं एकही चित्र नव्हतं. चित्रकारांचा स्वतःचा जाहीरनामा 1910 मध्ये आला आणि त्यात शोभतील अशी चित्रं त्याच्याही नंतर. बारसं आधी उरकलं आणि मूल मागाहून आलं. मारिनेत्ती हे करू शकला याचं एक कारण सरळ आहे: वडिलांनी मागे पुष्कळ पैसा ठेवला होता आणि मिलानमध्ये 'पोएझिया' हे स्वतःचं नियतकालिक तो 1905 पासून चालवत होता. छापील शब्दाचा गाजावाजा कसा करायचा, हे त्याला पाठ होतं.

बर्लिनमध्येही हाच क्रम दिसतो. हेरवार्थ वाल्डेन हा मूळचा संगीतातला माणूस. त्यानं 1910 मध्ये 'डेर श्टुर्म' हे नियतकालिक सुरू केलं आणि त्याच नावाची गॅलरी काढली 1912 मध्ये. चित्रकार कोकोश्काची रेखाटनं, चित्रकार कांडिन्स्कीचे लेख, इटालियन फ्यूचरिस्टांचे जाहीरनामे जर्मन वाचकांपर्यंत पोचले ते या पानांतून. कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी म्युनिकला 1912 मध्ये 'डेर ब्लाउए राइटर' नावाचं वार्षिक काढलं. त्यात लहान मुलांची चित्रं, लोककला, आफ्रिकेतले मुखवटे आणि पिकासो एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसवले होते. आज यात नवल वाटत नाही. तेव्हा कुठल्याही संग्रहालयानं हा शेजार खपवून घेतला नसता.

मुतारी आणि तिचा फोटो

नियतकालिक नसतं तर काय झालं असतं, हे समजून घ्यायला 1917 चं न्यूयॉर्क पाहावं. तिथल्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेनं एप्रिलमध्ये प्रदर्शन भरवलं. नियम असा की परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, सहा डॉलर भरले की कुणाचंही काम टांगलं जाईल. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ स्वतः या संस्थेच्या संचालकांत होता. प्रदर्शनासाठी 'आर. मट' अशी सही केलेली चिनी मातीची मुतारी आली. शीर्षक 'फाउंटन'. संचालकांची पंचाईत झाली, मतदान झालं आणि 'कुणाचंही' काम घेणाऱ्या संस्थेनं हे काम नाकारलं. द्युशाँनं राजीनामा दिला. हा मट कोण, हे तो बोलला नाही.

लोकांनी ती मुतारी प्रदर्शनात पाहिलीच नाही. थोड्याच दिवसांत ती वस्तूही गायब झाली. फुटली, फेकली गेली की आणखी काही, कुणी सांगू शकत नाही. एवढ्यावर हा किस्सा न्यूयॉर्कच्या दहा-बारा मंडळींपुरता राहिला असता. पण द्युशाँ, बिअ‍ॅट्रिस वुड आणि आंरी-पिएर रोशे हे तिघं 'द ब्लाइंड मॅन' नावाचं छोटं नियतकालिक काढत होते. त्याच्या मे 1917 च्या अंकात अल्फ्रेड स्टिग्लिट्झनं काढलेला मुतारीचा फोटो छापला गेला आणि शेजारी बिनसहीचं टिपण आलं. टिपणाचा मुद्दा असा होता: मटसाहेबांनी ही वस्तू स्वतःच्या हातानं घडवली की नाही, याला महत्त्व नाही, त्यांनी ती निवडली, नव्या नावानं आणि नव्या बाजूनं समोर ठेवली, आणि त्या वस्तूसाठी नवा विचार निर्माण केला.

पुढच्या शंभर वर्षांच्या कलेतला केवढा तरी वाद या दोन पानांवर उभा आहे. आज लंडनच्या किंवा आणखी कुठल्या संग्रहालयात जी 'फाउंटन' दिसते, ती नंतर केलेली प्रतिकृती. 1964 मधल्या प्रतिकृती बनवताना आधार घेतला तो स्टिग्लिट्झच्या फोटोचा. म्हणजे मूळ कलाकृती गेली आणि अंक उरला. माझं तर म्हणणं असं की इथे अंक हीच मूळ कलाकृती धरावी. या नियतकालिकाचे अंक निघाले दोनच. द्युशाँचा चित्रकार मित्र पिकाबिया आणि रोशे यांनी बुद्धिबळाचा डाव मांडला, हरेल त्यानं आपलं नियतकालिक बंद करायचं, आणि रोशे हरला, असं सांगतात. पिकाबियाचं '391' मात्र बार्सिलोना, न्यूयॉर्क, झुरिक, पॅरिस असं मालकाबरोबर फिरत 1924 पर्यंत निघत राहिलं.

कधीही एकत्र न भेटलेला गट

डच चित्रकार मोंद्रियानच्या लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांमुळे 'द स्टाइल' हे नाव आपल्याला माहीत आहे. हॉलंडमधल्या लायडनहून ऑक्टोबर 1917 मध्ये थिओ फान डूसबुर्ख यानं या नावाचं नियतकालिक सुरू केलं. गटाला नाव मिळालं ते नियतकालिकावरून. या गटातले सगळे चित्रकार, वास्तुकार आणि शिल्पकार एका खोलीत कधीच जमले नाहीत. काही जण तर एकमेकांना भेटलेही नाहीत. त्यांना गट म्हणायचं ते एका अनुक्रमणिकेत नावं येत म्हणून. मोंद्रियाननं रंग-रेषांबद्दलचा आपला सिद्धांत पहिल्या अंकापासून क्रमशः लिहिला. फान डूसबुर्ख संपादक, लेखक, हमाल सगळंच. शिवाय 'आय. के. बोन्सेट' या नावानं तो त्याच पानांत दादा पद्धतीच्या कविता छापायचा आणि हे गुपित त्यानं बराच काळ सांभाळलं. काटकोनाचा कट्टर पुरस्कर्ता आणि शब्दांची मोडतोड करणारा कवी, दोघं एकाच देहात. 1931 मध्ये तो गेला आणि त्याच्या स्मरणाचा एक अंक काढून नियतकालिकही थांबलं.

शिसं, जस्त आणि काटकोन

आता थोडं छापखान्यात जाऊ, कारण या चित्रांचं रूप तिथे बरंच घडलं. आजच्यासारखं रंगीत छायाचित्र पानावर टाकणं तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. फोटो छापायचा तर त्याचे बारीक ठिपके पाडून जस्ताचा किंवा तांब्याचा हाफटोन ब्लॉक करायचा आणि ठिपके स्वच्छ उमटायला गुळगुळीत, महाग कागद घ्यायचा. रेषेचं चित्र मात्र साध्या लाइन ब्लॉकवर होतं. लाकडात किंवा लिनोलियममध्ये कोरलेला ठसा तर त्याहून सोपा: त्याची उंची खिळ्यांएवढी, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांएवढी, केली की मजकुराबरोबर एकाच दाबात, स्वस्तातल्या कागदावरही छान उमटतो. जर्मन एक्स्प्रेशनिस्टांच्या त्या खडबडीत, काळ्या-पांढऱ्या काष्ठठशांना त्यांच्या मनातली अस्वस्थता कारणीभूत होती, हे खरंच. पण कागदाची किंमतही कारणीभूत होती, आणि कलेच्या इतिहासात तिचा उल्लेख फारच कमी होतो.

अक्षरांचंही तसंच. शिशाचे खिळे जुळवून लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचे, ही पद्धत. चौकट काटकोनी, खिळे काटकोनी, रेघा काटकोनी. द स्टाइलवाल्यांना आणि रशियातल्या रचनावाद्यांना ही शिस्त मानवली. जाड पट्ट्या आणि ठळक अक्षरं ही छापखान्यातली हाताशी असलेली सामग्री त्यांनी चित्रासारखी वापरली. मारिनेत्ती आणि दादावाल्यांना उलट तिरक्या, गोल फिरणाऱ्या, लहानाच्या मोठ्या होणाऱ्या ओळी हव्या होत्या. त्यासाठी कंपोझिटरला मोकळ्या जागा कशाबशा भरून खिळे तिरके बसवावे लागत. या मंडळींच्या कविता पाहताना मला त्या अनाम जुळाऱ्याची फार कीव येते. मॉस्कोत कवी मायाकोव्हस्कीनं 1923 मध्ये काढलेल्या 'लेफ' या नियतकालिकाची मुखपृष्ठं रचनावादी कलावंत रोदचेन्कोनं केली. ती पाहिली की आजच्या पोस्टरांचं आणि पुस्तकांच्या वेष्टनांचं वळण कुठून आलं ते कळतं.

पॅरिसच्या सररिअलिस्टांनी याच्या अगदी उलटी चाल खेळली. 1924 च्या 'ला रेव्होल्यूसिओं स्युररेआलिस्त'चा तोंडवळा त्यांनी मुद्दाम एका रुक्ष विज्ञान-मासिकासारखा ठेवला. दोन स्तंभ, सभ्य टाइप, आणि आत स्वप्नांच्या नोंदी. आरडाओरडा करणाऱ्या पानांपेक्षा हे जास्त अंगावर येतं.

मलपृष्ठ वाचावं

या नियतकालिकांच्या प्रती किती निघत आणि विकल्या किती जात, यावर त्यांचा प्रभाव मोजला तर हिशेब चुकतो. त्या जात कुठे, हे पाहायला हवं. बुखारेस्टचं 'कोंतिंपोरानुल', झाग्रेबहून निघून नंतर बेलग्रेडला गेलेलं 'झेनिट', वॉर्साचं 'ब्लोक', बुडापेस्टचं आणि नंतर व्हिएन्नाचं 'मा', हानोव्हरहून कुर्ट श्विटर्स काढायचा ते 'मेर्झ': ही सगळी एकमेकांना अंक पाठवत, दिवाळीत फराळाची ताटं एका घरातून दुसऱ्या घरी जातात तशी. पैशांचा व्यवहार नाही, अंकाला अंक. मलपृष्ठावर एकमेकांची नावं आणि पत्ते फुकट छापत. कधी जस्ताचा ब्लॉकच पार्सलानं दुसऱ्या देशात जाई आणि तेच चित्र दोन-तीन भाषांत छापून येई. त्यामुळे पॅरिस न पाहिलेल्या बुखारेस्टच्या तरुणाला लायडनमध्ये काय चाललंय ते ठाऊक असे. रंग ठाऊक नसत, एवढंच.

बंद पडण्याची कारणं मात्र तीच ती. पैसा, भांडण, सरकार. लायोश काशाकचं 'मा' 1919 मध्ये हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीनंच बंद केलं, आणि काशाक स्वतः डाव्या विचारांचा. तो व्हिएन्नाला गेला आणि तिथून त्यानं ते पुन्हा सुरू केलं. 'झेनिट'वर 1926 मध्ये बंदी आली. तोक्योतल्या 'मावो' गटानं 1924 मध्ये आपल्या नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर फटाका चिकटवला, तेव्हा तो अंक जप्त न होता तरच नवल.

आपल्याकडेही यातलं काही झिरपत होतं. डिसेंबर 1922 मध्ये कोलकात्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. त्याच्या काही महिने आधी, कोलकात्याच्याच 'रूपम' या नियतकालिकात कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी चित्रकार गगनेंद्रनाथ ठाकुरांना भारतीय क्यूबिस्ट (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून रंगवणारा) ठरवणारा लेख लिहिला होता. इथेही कागद प्रदर्शनाच्या आधी.

बडोद्याचा हिस्सा

बडोद्याच्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. चाळीसच्या दशकात इथून 'अभिरुचि' नावाचं मराठी मासिक निघत असे. संपादक पुरुषोत्तम आत्माराम चित्रे, म्हणजे बाबूराव. मर्ढेकरांच्या नव्या वळणाच्या कविता त्यात आल्या, 'निषाद' या नावानं मं. वि. राजाध्यक्षांचं 'वादसंवाद' हे सदर त्यात चाले, आणि पु. ल. देशपांड्यांचं 'भय्या नागपूरकर' हे पहिलं व्यक्तिचित्र त्यातच छापलं गेलं. पुण्या-मुंबईच्या साहित्याची दखल घेणारं, प्रसंगी टोचणारं मासिक गुजरातेतल्या एका संस्थानी शहरातून निघावं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. लायडन, झाग्रेब, हानोव्हर ही काही तेव्हा देशाच्या राजधानीची गावं नव्हती. केंद्रापासून जरा लांब असलं की केंद्रातल्या माणसांची भीड कमी पडते.

'अभिरुचि'ला मी आवाँ-गार्द म्हणणार नाही. ते वाङ्मयीन मासिक होतं आणि चांगलं होतं. पण बाबूरावांचा मुलगा दिलीप, जन्म बडोद्याचा, पुढे मुंबईला गेला आणि 1954 मध्ये, विशीही गाठली नसताना, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर त्यानं 'शब्द' काढलं. सायक्लोस्टाइलवर. स्टेन्सिल कापायचं, शाई लावायची, हँडल फिरवायचं. कोलटकर जे. जे.त शिकलेले. मराठी लघुअनियतकालिकांची कथा सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

चित्रकारांचं म्हणावं असं नियतकालिक बडोद्यात आलं 1969 मध्ये. त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवायला आले आणि देशभरातून मुलं पुष्पबागेच्या आवारात जमू लागली. त्याच विद्यापीठात गुजराती शिकवणारे सुरेश जोशी 'क्षितिज'सारख्या नियतकालिकांतून गुजराती साहित्याला नवी दिशा देत होते, आणि चित्रकारांचा त्यांच्याकडे राबता होता. गुलाममोहम्मद शेख तर चित्रकार आणि गुजरातीतले कवी दोन्ही. भूपेन खख्खर मुंबईहून आलेले चार्टर्ड अकाउंटंट, अर्धा दिवस एका कारखान्याचे हिशेब पाहायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं. या दोघांनी 'वृश्चिक' काढलं. इंग्रजी भाषा, पत्ता रेसिडेन्सी बंगल्याचा, आणि अंकात लिनोचे ठसे. 1910 च्या बर्लिनमधला किफायतीचा हिशेब साठ वर्षांनी इथेही लागू पडला.

'वृश्चिक'नं दोन कामं केली, आणि दोन्ही नावाला शोभणारी. ललित कला अकादमीच्या कारभारावर त्यानं सतत नांगी मारली. अनेक चित्रकारांनी 1971 च्या त्रैवार्षिक प्रदर्शनावर बहिष्कार टाकला, त्या चळवळीचं हे व्यासपीठ होतं. दुसरं काम जास्त टिकाऊ ठरलं. कलासमीक्षक गीता कपूर यांचा आधुनिक भारतीय चित्रकलेतल्या अस्मितेच्या शोधाबद्दलचा दीर्घ निबंध इथे क्रमशः आला, आणि 1970 मध्ये संतकवींच्या अनुवादांचा एक अंक निघाला. त्यात कोलटकरांनी केलेले जनाबाईचे इंग्रजी अनुवाद होते. बंडखोर चित्रकारांच्या अंकात जनाबाई कशी, असं कुणी विचारेल. 'डेर ब्लाउए राइटर'मध्ये लोककलेशेजारी पिकासो कसा, याचं जे उत्तर, तेच इथेही. 1973 मध्ये 'वृश्चिक' थांबलं.

यातलं बरंचसं आता घरबसल्या पाहता येतं. आयोवा विद्यापीठाच्या संग्रहात दादा नियतकालिकांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. 'वृश्चिक'चे अंक एशिया आर्ट आर्काइव्हनं ऑनलाइन ठेवले आहेत. पाहायला बसाल तर जाहीरनाम्यावर फार वेळ घालवू नका, ते सगळे एकाच चढ्या सुरात असतात. किंमत किती, छापखाना कुठला, ठसे कुणाचे, मागच्या पानावर कुणाकुणाचे पत्ते आहेत, ते बघा. आणि पहिल्या अंकापेक्षा तिसऱ्या-चौथ्यापासून सुरुवात करा. तोवर घोषणा संपलेल्या असतात, खुलासे आणि पत्रव्यवहार सुरू झालेला असतो, कुणीतरी रुसून बाहेर पडलेलं असतं, आणि वर्गणीदारांना वर्गणीची आठवण करून दिलेली असते.